मुंगीचं खरं

मिरची उन्हात पसरलेली होती आणि नको तेव्हा पाऊस आला. ताडपत्र्या टाकेपर्यंत खालचा थर भिजला, आणि ऊन पडल्यावर त्याला कुबट वास सुटला. त्यामुळे त्या वर्षी मिरचीच्या शेडमध्ये एरवीपेक्षा जास्त बायका लागल्या. देठ खुडायचे, काळी पडलेली मिरची वेगळी काढायची, बरी असेल ती पुन्हा उन्हात टाकायची, असं काम होतं. बसून करायचं म्हणून सोपं वाटायचं, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी जाणारी बाई हात हवेत धरून चालायची.

थोरली आधी कधी शेडवर गेली नव्हती. घरात दोन जावा, त्यातली ही मोठी म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. तिचा नवरा ट्रॅक्टर चालवायचा. त्या पावसाने रानात चिखल करून ठेवला, नांगरट थांबली आणि मालकाने ट्रॅक्टरच विकून टाकला. नवरा घरी बसला. लोक त्याला ट्रॅक्टरवालाच म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी कुणी तशी हाक मारली की त्याचा जबडा हलायचा.

थोरलीला शेडवर नेलं ते धाकटीने. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. दिराचं लग्न झालं तेव्हा मोठं घर मधोमध कापून ती घातलेली, एका विटेच्या रुंदीची. धाकटीला शेडचा अनुभव होता. तिनेच थोरलीला डोक्याला फडकं बांधायला शिकवलं, कामाला बसण्याआधी तळहातांना तेल चोळायला लावलं आणि निक्षून सांगितलं, की काही झालं तरी डोळ्याला हात लावायचा नाही, खाज सुटली तर खांद्याला डोळा घासायचा. थोरलीला ती आपली वाटायची. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. सुखदुःखाचे चार शब्द बोलावेसे वाटले तर ती भिंतीपलीकडे जायची.

थोरलीची मुलगी सकाळची शाळा सुटली की शेडवर यायची. अंगाने एवढीशी, पण आपल्या वजनाच्या गोणीला टेकू देऊन उभी राहायची, म्हणून तिला मुंगी म्हणत. दहावीचं वर्ष होतं. देठ खुडताना ती ओठांतल्या ओठांत धडे म्हणायची, आणि ठसका लागला की जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू करायची.

शेडवर मुकादमीण होती. उंच, हाडकुळी, मिरचीच्या धुरळ्याने घसा कायमचा बसलेला. तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. एखादीच्या ढिगात देठासकट मिरची सापडली तर ती काही न बोलता तिच्या मांडीवर आणून ठेवायची.

बायकांचे हात आणि डोळे तपासायला दवाखान्यातून एक नर्सबाई यायच्या. त्यांनी एक बैठक सुरू केली. बाजाराच्या दिवशी, डबे खाऊन झाले की, गोण्यांच्या थप्पीमागे बायका आणि मोठ्या मुली गोल करून बसायच्या. नर्सबाईंचा नियम साधा होता. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि इथलं बोलणं शेडच्या दाराबाहेर न्यायचं नाही. कुणावर वेळ आली तर बाकीच्यांनी तिच्या पाठीशी उभं राहायचं. सगळ्यांनी हो म्हटलं. मुकादमीण मात्र कधी बसली नाही. बोलून देठ निघत नाहीत, एवढं म्हणून ती चाळणी झटकायला जायची.

पहिल्या बैठकीला नर्सबाईंनी प्रत्येकीला आपल्याला चांगलं काय येतं ते सांगायला लावलं. बायका लाजल्या, एकमेकींना कोपरं मारू लागल्या. एकीने गाठोडं बांधता येतं म्हणून सांगितलं. एक म्हणाली, मला भांडता येतं, आणि सगळ्या हसल्या. मुंगीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेता येतो. बाबांनी शिकवलाय." कुणाचा विश्वास बसेना. मग तिने दोन्ही हात समोर धरून, स्टिअरिंग उलटं कसं फिरवायचं आणि ट्रॉलीचं चाक बघत मान कशी वळवायची ते करून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

थोरलीला काही आठवेना. आपल्याला स्वयंपाक येतो, पण तो सगळ्यांनाच येतो. झाडलोट येते. ती फडक्याचं टोक पिळत बसली. शेवटी धाकटी म्हणाली, "जाऊबाईंना सगळं निभावून नेता येतं." नर्सबाईंनी मान हलवली. थोरलीला त्या शब्दाने बरं वाटलं. घरी जाताना वाटभर तिने तो शब्द मनात घोळवला. धाकटीला आपलं सगळं ठाऊक आहे की काय, अशी शंका एकदा येऊन गेली, पण तिने ती झटकून टाकली.

ठाऊक असण्यासारखं बरंच होतं. ट्रॅक्टरवाला दारू पीत नव्हता. लोक त्याचं कौतुक करायचे ते यासाठीच. मुलीला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. ती पाळण्यात असताना तिला मांडीवर घेऊन तो रात्रभर बसलेला थोरलीने पाहिला होता. पण बायकोवर हात टाकायचा. उघड्या हाताने, कपड्यांनी झाकेल अशा जागी, आणि आवाज न चढवता. मारून झालं की स्वतः जाऊन पाण्याचे हंडे भरून आणायचा आणि ते ओळीने लावून ठेवायचा. थोरली ते हंडे बघायची आणि विषय संपला असं धरायची. काम होतं तोवर हे क्वचित व्हायचं. घरी बसल्यापासून त्याला धरबंध राहिला नाही.

एका संध्याकाळी ती शेडवरून आली, हात धुतले आणि वाळत घातलेला त्याचा टॉवेल घडी करून ठेवला. मिरची साबणानेही पुरती जात नाही. त्याने तोंड धुऊन टॉवेलने पुसलं आणि डोळे धरून खाली बसला. ती पाणी घेऊन धावली, त्याचं डोकं मागे करून डोळ्यांत पाणी ओतत राहिली. आग कमी झाल्यावर तो उठला. दार लावून घेतलं. मुंगी तेव्हा बाहेर ओट्यावर अभ्यास करत होती. तिला आत येऊ नको म्हणून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी थोरली देठ खुडायला बसली तेव्हा तिला डावा खांदा उचलता येईना. ती सगळं काम उजव्या हाताने रेटत होती. मुंगी शेजारीच होती. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या ढिगातल्या ओंजळी भरभरून आपल्या ढिगात घेतल्या आणि मुकाट्याने खुडत राहिली.

पुढच्या बैठकीत नर्सबाईंनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. मग मुंगी म्हणाली, "माझे बाबा आईला मारतात. परवा खूप मारलं. तिचा हात वर जात नाही."

तिने ते रडत सांगितलं नाही. धडा म्हणावा तसं, नीट, न अडखळता सांगितलं. बहुतेक आधी मनात म्हणून ठेवलं असावं.

सगळ्या थोरलीकडे बघू लागल्या. इतकी वर्षं तिने दुखऱ्या अंगाने विहिरीवर जाऊन हसून गप्पा मारल्या होत्या, पायरीवरून पडले म्हणून सांगितलं होतं, एकदा तर म्हशीने ढुशी मारली म्हणाली होती, आणि शेजारणींनी म्हशीलाच शिव्या घातल्या होत्या. हे सगळं पोरीने एका दमात उघडं पाडलं. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही घाबरू नका. सांगा."

"खोटं बोलते ती," थोरली म्हणाली. "अभ्यास नको असतो, म्हणून काहीतरी काढते. तिचे बाबा देवमाणूस आहेत."

आणि एवढ्यावर न थांबता ती धाकटीकडे वळली. तूच सांग, तू भिंतीला भिंत लावून राहतेस. धाकटीने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग खाली बघत म्हणाली, की पोरगी जरा तशीच आहे, मनाचं रचून सांगते.

मुंगीने आईकडे एकदाच पाहिलं. मग ती उठली, आपल्या ढिगाशी जाऊन बसली आणि तेल न लावता खुडायला लागली. थोरलीने तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. मुंगीने ती बघितलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलू लागली. पाणी आणलंय. जाते. आले. जेवले. थोरलीने स्वतःची समजूत घातली, की पोरीचंच भलं केलं आपण, बापाच्या कानावर गेलं असतं म्हणजे? आता नाही जाणार. इथलं इथेच राहतं.

ते गेलं. बाजाराचा पुढचा दिवस उजाडायच्या आत गेलं.

दोघा भावांची मागच्या अंगणावरून कुरबुर चालू होती. धाकट्याला तिथे गोठा बांधायचा होता, ट्रॅक्टरवाला बांधू देत नव्हता. एका दुपारी शब्दाला शब्द लागला आणि धाकटा म्हणाला, आधी आपलं घर सांभाळ, तुझी पोरगी शेडभर सांगत फिरते तू बायकोला कसा बडवतोस ते.

थोरलीला हे घरी कळलं नाही. कळलं ते शेडवर, सगळ्यांच्या देखत. भर दुपारी ट्रॅक्टरवाला शेडच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस विंचरलेले होते. आत आल्या आल्या त्याला ठसका लागला. तो खोकला, आणि खोकून झाल्यावर हसला. त्याने मुकादमिणीला नमस्कार केला. म्हणाला, जरा पाच मिनिटं घेतो, घरचं बोलणं आहे, पण इथेच सुरू झालंय तर इथेच मिटवू.

मग त्याने मुंगीला उभं केलं. तिला प्रेमाने विचारलं, की मी तुला कधी मारलंय का? मुंगीने नाही म्हटलं. ते खरंच होतं. मग तू माझं नाव का घालवलंस? मुंगीच्या बोटांतून मिरचीचा देठ सुटत नव्हता. तो म्हणाला, हिला इथलं वारं लागलंय, उद्यापासून शाळाही बंद आणि शेडही बंद, माझ्या बहिणीकडे धाडतो, तिथे घरकाम करेल, डोकं ठिकाणावर येईल. हे सगळं तो अशा आवाजात बोलला, की बाहेरून कुणी ऐकलं असतं तर लग्नकार्याचं बोलणं चाललंय असं वाटलं असतं.

थोरलीने बैठकीतल्या बायकांकडे पाहिलं. भांडता येतं म्हणणारी होती. गाठोडंवाली होती. सगळ्यांच्या माना ढिगात होत्या आणि हात भराभर चालत होते, इतके भराभर की मुकादमीण डोक्यावर उभी राहिली तरी कधी चालले नव्हते. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि त्या तोंडावरूनच थोरलीला कळलं की बोलणं शेडबाहेर कुणी नेलं.

"आता तूच सांग," ट्रॅक्टरवाला तिला म्हणाला. "मी हात टाकलाय तुझ्यावर कधी?"

थोरली उठली. एका हाताने जमिनीला रेटा देऊन उठावं लागलं, कारण दुसरा हात अजून धड चालत नव्हता.

"टाकलाय," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलली. खोटं मी बोलले."

शेडमध्ये फक्त चाळणीचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ट्रॅक्टरवाला तसाच हसत उभा होता, पण ते हसू चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं झालं. तो एक पाऊल पुढे आला. कुणी उठलं नाही. थोरली वाट बघत होती. पुढे कधीही तिला तो दिवस आठवला की त्याचं पाऊल आठवायचं नाही. ती वाट बघणंच आठवायचं.

मुकादमीण चाळणी टाकून मध्ये आली. बसक्या घशाने म्हणाली, "कामाची वेळ आहे. गडीमाणसाचं इथे काम नाही. बाहेर व्हा."

"घरी या दोघी," तो थोरलीला म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी बायका पांगल्या. एरवी वाटेने घोळक्याने जायच्या, त्या दिवशी सुट्या सुट्या गेल्या, आणि थोरलीजवळून जाताना प्रत्येकीला घाई होती. मायलेकी दाराशी उभ्या राहिल्या. घराची वाट डावीकडे होती. दोघींपैकी कुणी तिकडे वळलं नाही. मुकादमीण कुलूप लावायला आली. तिने दोघींना पाहिलं, कुरकुरली आणि गोणपाटांच्या खोलीची किल्ली काढून दिली. तिथे उंदीर आहेत, चूल पेटवायची नाही, आणि मालक आला तर मी काही सांगितलेलं नाही, असं बजावून ती गेली. सकाळी येताना मात्र तिने डबा आणला, आणि तो जास्त झालाय म्हणून आणला असं सांगितलं.

पुढचे दिवस दोघी त्या खोलीत राहिल्या. गोणपाटं अंथरायची आणि गोणपाटंच पांघरायची. सगळ्याला मिरचीचा वास, श्वास घेतला तरी नाकात चुरचुर. ट्रॅक्टरवाला एकदा रस्त्यावरून जाताना दिसला. आत आला नाही. मुकादमीण त्या दिवशी देठाचा कचरा दारातच जाळत बसली होती, आणि त्या धुरातून कुणी येणं शक्य नव्हतं. मुंगी तिथूनच शाळेत जायची. जाताना सांगून जायची, येताना सांगायची. त्यापलीकडे बोलायची नाही. थोरलीला वाटलं होतं, सगळ्यांसमोर बोलले, आता पोरगी जवळ येईल. पोरगी झोपताना भिंतीकडे तोंड करायची.

बाजाराच्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, की मी तुम्हाला इथलं बाहेर जाणार नाही असा शब्द दिला, तो माझ्या हातात नव्हताच, द्यायला नको होता. मग त्यांनी थोरलीला बोलायला सांगितलं.

थोरली म्हणाली, की तो पुढे आला तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मला मिठी मारायला हवी होती असं नाही. नुसतं उभं राहायचं होतं. एकजण उभी राहिली असती तरी चाललं असतं.

भांडता येतं म्हणणारी बाई रडायला लागली. तिने सांगितलं, की तिचा नवरा ट्रॅक्टरवाल्याबरोबर उठबस करतो, ती बोलली असती तर घरी तिचंही तेच झालं असतं. दुसरीने सांगितलं, तिचंही तसंच. तिसरीने नुसती बाही वर केली. थोरलीने ती बाही पाहिली. तिला दया आली, आणि त्याच वेळी रागही आला, आणि कुठला आवरावा ते कळेना. एकीने तिच्याकडे राहायला या म्हटलं. थोरली बघू म्हणाली. राग गिळून हो म्हणायची तिची तयारी नव्हती. नर्सबाईंनी दूरच्या एका घराचं सांगितलं, जिथे घर सोडलेल्या बायका आणि मुली राहतात, मुलींची शाळा सुटत नाही. जाऊन बघायचं ठरलं.

धाकटी बैठकीला नव्हती. ती त्या दिवशी ऊन कलल्यावर आली, गोणपाटांच्या खोलीच्या दाराशी. हातात थोरलीच्या आणि मुंगीच्या कपड्यांचं गाठोडं, वर मुंगीची पुस्तकं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, की मी चांगल्यासाठीच नवऱ्याला सांगितलं होतं, वाटलं भावाला चार शब्द समजावेल, तो असा वापरेल असं स्वप्नातही नव्हतं. थोरलीने गाठोडं घेतलं. धाकटी रडत होती. एरवी थोरलीने तिला आत घेतलं असतं, पाणी दिलं असतं, जाऊ दे म्हटलं असतं. निभावून नेलं असतं. ती दारात तशीच उभी राहिली.

मुंगी आतून म्हणाली, "काकू, तुला भिंतीतून ऐकू यायचं ना?"

धाकटीने पदराने डोळे पुसले. "यायचं."

"मग तू काय करायचीस?"

"रेडिओ मोठा करायचे," धाकटी म्हणाली.

थोरलीला त्या संध्याकाळी आठवल्या. दार लागलं की थोड्याच वेळात भिंतीपलीकडे गाणी सुरू व्हायची. धाकटीला गाण्यांची आवड आहे असं तिला वाटायचं. कधीकधी तर त्या आवाजाचे तिने आभार मानले होते. आपलं कण्हणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून.

"जा तू आता," ती धाकटीला म्हणाली. आवाज चढला नाही. धाकटी शेडच्या भिंतीला धरून धरून गेली.

थोरली खाली बसली. गाठोड्याची गाठ सोडवायचा प्रयत्न करू लागली, पण एका हाताने सुटेना. मुंगी बघत होती. मदतीला आली नाही.

"तुलाही माहीत होतं," मुंगी म्हणाली. "मी खरं बोलतेय ते."

"होतं."

"काकू रेडिओ लावायची. तू मला खोटी म्हणालीस."

थोरलीने गाठ सोडून दिली. म्हणाली, की मी सगळ्यांच्या देखत कबूल केलं ना, अजून सांगू का, पुन्हा बैठकीत सगळ्यांना सांगते.

"त्यांना नको," मुंगी म्हणाली. "त्यांना सांगितलंस. बाबांना सांगितलंस. मला कुठे सांगितलंयस?"

थोरली सरकत सरकत मुलीच्या समोर जाऊन बसली. मुंगी भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि कधी नव्हे ती खरोखर लहान दिसत होती.

"तू खरं बोललीस," थोरली म्हणाली. "मला ठाऊक होतं, तरी मी तुला खोटं पाडलं. मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच. आणि ती मी तुझ्या अंगावर टाकली."

मुंगीने हनुवटी गुडघ्यांवर टेकवली. बाहेर मुकादमीण गोण्या मोजून रचत होती, तिचा बसका आवाज ऐकू येत होता.

"पुन्हा सांग," मुंगी म्हणाली.

थोरलीने पुन्हा सांगितलं.